पोरांना न विचारता: शिकागोच्या हॉट डॉगच्या दुकानात कसं खावं

मी एकतीस वर्षं एसटीत वाहक होतो, कराड आगारात. निवृत्तीनंतर मुलाकडे शिकागोला दोनदा सहा-सहा महिने राहून आलो. शिकागो म्हणजे खुद्द शहर नव्हे, पश्चिमेकडचं एक उपनगर. तिथे आलेल्या आईवडलांची जी गत होते तीच आमची झाली. सोमवार ते शुक्रवार खिडकीत बसायचं, शनिवारी मुलगा गाडी काढेल तेव्हा देऊळ नाहीतर किराणा. घरापासून पंधरा मिनिटं चालत गेलं की चौकात एक बारकं दुकान होतं. पिवळी पाटी, लाल छत, आत सात-आठ टेबलं. मुलगा म्हणायचा, "बाबा, तिथे तुमच्या खाण्यासारखं काही नाही." दोन महिने मी हे खरं मानलं. मग मार्चमधल्या एका दुपारी वीस डॉलर खिशात घातले आणि एकटाच निघालो.

हे लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी. गाडी चालवता येत नाही, इंग्रजी वाचता येतं पण बोलताना जीभ अडते, आणि मांसाहारी असलो तरी गोमांस खात नाही, अशांसाठी. मोठ्या साखळी दुकानांत आता पडद्यावर बोट लावलं की काम भागतं. या छोट्या दुकानात माणसाशी बोलावं लागतं, आणि तो माणूस कायम घाईत असतो. बाजाराच्या दिवशी भरलेल्या गाडीत मी जसा असायचो तसा.

आधी दुकानाची जात ओळखा. हॉट डॉग म्हणजे लांब पावात घातलेलं सॉसेज, खिम्याची कांडी. इथली माणसं या दुकानाला 'हॉट डॉग स्टँड' म्हणतात, मग त्याला भिंती, छप्पर, खुर्च्या सगळं असलं तरी. पाटीवर बहुतेक ठिकाणी 'व्हिएन्ना बीफ' असं लिहिलेलं असतं. ते दुकानाचं नाव नाही, सॉसेज पुरवणाऱ्या कंपनीचं आहे. आपल्याकडे टपरीवर टपरीवाल्यापेक्षा थंड पेयाच्या कंपनीचं नाव मोठं असतं, तसंच. ही कंपनी १८९३ सालची. त्या वर्षी शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यात ऑस्ट्रिया-हंगेरीहून आलेल्या दोघांनी सॉसेजं विकली आणि तिथून धंदा उभा राहिला. साल ओळखीचं वाटलं ना? त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली होती आणि ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंद तिथे बोलले. एवढं भाषण शाळेपासून ऐकत आलो, पण प्रदर्शनात काय विकायला होतं ते कुठल्या गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

आता फलक. गिऱ्हाईक इथेच फसतं, म्हणून यावर जरा वेळ घालवतो.

हॅमबर्गरमध्ये हॅम नसतो. हॅम म्हणजे डुकराचं मांस हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून वाटतं की डुक्कर चालत असेल तर हे चालेल. नाही. नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलंय आणि आत गाईचं मांस असतं. हॉट डॉगचं सॉसेजही या गावात शंभर टक्के बीफचं, आणि त्याचा इथल्या लोकांना अभिमान आहे. 'इटालियन बीफ' तर नावातच सांगतंय. 'यीरोस' हा ग्रीक प्रकार. उभ्या सळईवर फिरणारा मांसाचा गोळा दिसतो. तो मटणाचा समजून मी खूश झालो होतो, पण त्यात बहुधा मेंढी आणि बीफ एकत्र असतं. 'टमाले' मक्याच्या पिठाचा, पण आत सारण मांसाचं. 'पिझ्झा पफ' दिसायला चौकोनी करंजी, तळलेली, खुसखुशीत. तिच्यात चीज आणि टोमॅटोसोबत सॉसेज भरलेलं असतं.

आणि 'चिली'. माझी फजिती याच शब्दाने केली.

फलकावर 'चिली चीज फ्राईज' असं वाचलं. चिली म्हणजे मिरची, चीज म्हणजे चीज, फ्राईज म्हणजे बटाट्याच्या काड्या. तीनही शब्द समजले, म्हणून मोठ्या रुबाबात मागितलं. पाच मिनिटांनी कागदी होडीत ढीग आला. खाली फ्राईज, वर पिवळं पातळ चीज, आणि त्यावर तपकिरी खिम्यासारखं काहीतरी, राजमा घातलेलं. वाफ येत होती, वास जिऱ्याचा. क्षणभर घरची आठवण झाली. काटा उचलला आणि थांबलो. एसटीतली सवय आहे, तिकीट देण्याआधी नोट उलटून बघायची. शेजारच्या टेबलावर छपराचं काम करणारे तिघे बसले होते, बुटांना डांबर लागलेलं. त्यांतल्या एकाला विचारलं, "दिस, व्हॉट मीट?" तो म्हणाला, "बीफ, मॅन." अमेरिकेत चिली म्हणजे मिरची नव्हे. चिली म्हणजे खिम्याची आमटी. मी ती होडी त्यांच्या टेबलावर सरकवली. आधी नको नको म्हणाले, मग दोन मिनिटांत होडी कोरी. दुकानदाराची यात काही चूक नव्हती. मी मागितलं तेच त्याने दिलं.

तेव्हा पहिला नियम. रांगेत उभं राहण्याआधी बाजूला उभे राहून फलक पूर्ण वाचा. कोणी काही म्हणत नाही. मागे माणूस आला तर हात करून पुढे जाऊ द्या. एकदा गल्ल्यासमोर पोचलात की तुमचं ठरलेलं असलं पाहिजे. तिथे उभं राहून "हे काय, ते काय" सुरू केलंत की मागच्यांचे सुस्कारे ऐकू येतात. गर्दी साडेअकरा ते एक. पहिल्यांदा अडीच-तीनला जा. मालक मोकळा असतो, बोलतो. पण सवय झाल्यावर गर्दीतच जा, कारण फ्राईज तेव्हाच कढईतून थेट येतात. तीन वाजता मिळतात त्या दिव्याखाली पडून असलेल्या.

मग खायचं काय? माझं दैवत तिथे काचेवर चिकटपट्टीने लावलेल्या कागदावर होतं. 'पेपर अँड एग', म्हणजे ढोबळी मिरची आणि अंडं.

यामागे कॅथलिक लोकांचा उपास आहे. ईस्टरच्या आधी चाळीसेक दिवस त्यांचा लेंट नावाचा काळ असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो, आणि त्यातल्या शुक्रवारी मांस खात नाहीत. शिकागोत इटालियन आणि पोलिश वस्ती मोठी. शुक्रवारी बीफ खपत नाही म्हटल्यावर या दुकानांनी अंड्याचं सँडविच काढलं, ते आता रीतच होऊन बसलंय. काही ठिकाणी वर्षभर मिळतं, काही ठिकाणी फक्त लेंटमध्ये. आमच्या मंडळींना हे सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे यांच्यातही श्रावण असतो."

मी ते करताना काचेतून पाहिलंय. सपाट तव्यावर आधी ढोबळी मिरचीचे लांब काप टाकतात, जरा काळे डाग पडेपर्यंत. मग तीन अंडी फेटून वरून ओततात. ऑम्लेटसारखं अखंड ठेवत नाहीत आणि बुर्जीसारखं बारीकही करत नाहीत. उलथन्याने दोनदा दुमडतात, मोठमोठे तुकडे राहतात. लांब पाव मधून चिरून त्यात हे सगळं भरतात. पाव वरून कडक, आतून लुसलुशीत, इटालियन बेकरीचा. एसटी स्टँडवरच्या ऑम्लेट-पावाचा हा गोरा मावसभाऊ. मीठ मात्र आपल्या हिशेबाने कमी असतं, तिखट तर नसतंच. त्यासाठी एक शब्द पाठ करा: जार्डिनेरा.

जार्डिनेरा म्हणजे यांचं मिश्र लोणचं. फ्लॉवर, गाजर, सेलरी आणि हिरव्या तिखट मिरच्यांचे तुकडे, मुरवलेले आणि तेलात बुडवलेले. यात हिंग नाही, मोहरी नाही, पण तेलाचा तवंग आणि आंबट-तिखट झटका अगदी ओळखीचा. ताटाच्या डाव्या बाजूची सोय या गावात कुणीतरी करून ठेवली आहे याचं मला फार समाधान वाटलं. गल्ल्यावरची बाई विचारते, "हॉट ऑर स्वीट?" हॉट म्हणजे हे लोणचं. स्वीट म्हणजे गोड काही नव्हे, भाजलेली ढोबळी मिरची. हॉट घ्या. आपल्या जिभेला झेपतं. सोबत नेलेल्या मुलाच्या मित्राला झेपलं नाही, तो इथेच जन्मलेला.

अंडंही नको असेल तर आणखी एक वाट आहे, पण त्यासाठी आधी हॉट डॉगची रचना माहीत हवी. शिकागोचा हॉट डॉग म्हणजे सात वस्तूंचा ठरलेला शृंगार. पाव वाफेवर मऊ केलेला, त्यावर खसखस. अनारशावर लावतो तीच, फक्त पांढरी नव्हे, काळी-निळी. त्यात सॉसेज. वर पिवळी मोहरीची चटणी, जिला आपल्या मोहरीची सणक नाही. मग काकडीची गोडसर चटणी, रंगपंचमीच्या पोपटी रंगाची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं काही सांडलंय. मग चिरलेला कांदा, टोमॅटोच्या फोडी, खारवलेल्या काकडीची लांब फाक, दोन छोट्या खारातल्या मिरच्या. शेवटी सेलरीच्या बियांचं मीठ, त्याचा वास ओव्याच्या जातकुळीतला. हे सगळं हवं असेल तर "एव्हरीथिंग" म्हणायचं. काही ठिकाणी "ड्रॅग इट थ्रू द गार्डन" असंही म्हणतात, बागेतून ओढत आणा. मंदीच्या काळात, १९३० च्या आसपास, पाच सेंटला एवढ्या भाज्या घातलेला पाव मिळायचा आणि त्यावर माणसाचं जेवण व्हायचं, असं इथले जुने लोक सांगतात. काही दुकानं फ्राईजही त्याच कागदात गुंडाळून देतात.

यात केचप नसतो. मागू नका. खुळचटपणा वाटेल, पण इथे मोठ्या माणसाने हॉट डॉगवर केचप मागणं म्हणजे पुरणपोळीवर शेव मागण्यासारखं आहे. काही दुकानांत तर ठेवतच नाहीत. फ्राईजसोबत मागितला तर बहुतेक ठिकाणी देतात. लहान पोरांना सगळं माफ.

तर ती वाट अशी: "वन विथ एव्हरीथिंग, नो डॉग. पुट फ्राईज इनसाइड." सॉसेज वगळून बाकी सगळं, आणि आत फ्राईज. बाईने माझ्याकडे दोनदा पाहिलं. "नो डॉग?" "नो डॉग." तिने आत ओरडून सांगितलं, आतल्या पोराने मान बाहेर काढून मला बघितलं. आलेली वस्तू कशी होती? पावात बटाटा, वर तिखट मिरची, कांदा आणि चटणी. महाराष्ट्रातल्या माणसाला हे काय आहे ते सांगायला नको. वड्याची सर नाही, पण परक्या गावात निम्मा दिलासा पुरतो.

तळण्याच्या तेलाचं मात्र विचारून घ्या. काही जुन्या दुकानांत फ्राईज गाईच्या चरबीत तळतात आणि चव तिच्यामुळेच आहे असं अभिमानाने सांगतात. वाक्य सोपं आहे: "फ्राईज, व्हेजिटेबल ऑइल ऑर बीफ फॅट?" मला वाटलं होतं लोक हसतील. उलट बाईने मागे जाऊन तेलाचा डबा आणून दाखवला. शुद्ध शाकाहारी असाल तर हेही विचारा की त्याच कढईत कोंबडी तळतात का. बहुतेक ठिकाणी तळतात. आमच्या मंडळी त्यामुळे फ्राईजलाही हात लावत नाहीत. त्या ग्रिल्ड चीज घेतात, भाजलेल्या पावात वितळलेलं चीज, आणि पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढून आत भुरभुरतात. तवाही तोच असतो असं मी एकदा बोललो. त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

मागणी सांगायला एक क्रम आहे, तो मोडू नका. आधी वस्तू, मग त्यावर काय, मग फ्राईज, मग पेय, आणि शेवटी इथे खाणार की नेणार. "वन पेपर अँड एग, हॉट. स्मॉल फ्राईज. स्मॉल पॉप. फॉर हिअर." पॉप म्हणजे थंड पेय, या भागात सोडा म्हणत नाहीत. 'स्मॉल'च म्हणा. यांचा स्मॉल म्हणजे आपल्या घरचा तांब्या, आणि त्यातला निम्मा बर्फ. बर्फ नको असेल तर "नो आइस". नुसतं पाणी हवं असेल तर "वॉटर कप" म्हणा, छोटा पेला बहुतेक ठिकाणी फुकट देतात. आमच्या आगारात प्रवासी आधी "दोन द्या" म्हणायचा आणि मग गावाचं नाव आठवत बसायचा, तेव्हा माझा कसा संताप व्हायचा ते मला ठाऊक आहे. मागणी क्रमाने सांगितली की ती बाई एका दमात बटणं दाबते. चुकीचं व्याकरण तिला चालतं. उलटसुलट क्रम चालत नाही.

पैसे. छोट्या दुकानांपैकी काही अजून फक्त रोख घेतात, दारावर 'कॅश ओन्ली' लिहिलेलं असतं, म्हणून खिशात नोटा ठेवा. फलकावरच्या किमतीत कर धरलेला नसतो. शिकागो परिसरात साधारण दहा टक्के, कुठे थोडे कमी कुठे थोडे जास्त, वर जातात. सँडविच आठ डॉलरचं असेल तर नऊ काढून ठेवा.

आता नाण्यांबद्दल एका वाहकाची तक्रार ऐका. अमेरिकेच्या रोजच्या नाण्यांवर किमतीचा आकडाच नसतो. पाच सेंटच्या नाण्यावर 'फाइव्ह सेंट्स' असं अक्षरी, पंचवीसच्या नाण्यावर 'क्वार्टर डॉलर', आणि दहा सेंटच्या नाण्यावर नुसतं 'वन डाईम'. डाईम म्हणजे किती हे ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक. त्यात दहाचं नाणं पाचाच्या नाण्यापेक्षा आकाराने लहान! नोटाही सगळ्या एकाच मापाच्या, एक डॉलरची आणि शंभरची ठेवली शेजारी तर अंधारात बोटांना कळणार नाही. मी एकतीस वर्षं नोटा चार बोटांत उभ्या दुमडून धरल्या, गाडी खड्ड्यात आदळत असताना सुटे दिले, कधी हिशेब चुकला नाही. इथे पहिल्या दिवशी गल्ल्यावर तळहात पुढे केला आणि बाईला म्हटलं, तूच उचल. तिने मोजून घेतलं, उरलेली नाणी परत माझ्याच हातावर मांडून दाखवली. घरी आल्यावर मात्र मी सगळी नाणी टेबलावर मांडून रात्री तासभर अभ्यास केला. तुम्हीही करा.

टिप लागतेच असं नाही. तुम्ही उभं राहून घेताय, उचलून नेताय, तुमचा ट्रे तुम्हीच रिकामा करताय. कार्डाचं यंत्र फिरवून तुमच्यासमोर करतात आणि त्यावर अठरा, वीस असे टक्के झळकतात. 'नो टिप'चं बटण खाली बारीक असतं, ते दाबलं तर पाप नाही. मी गल्ल्यावरच्या बरणीत सुट्यांपैकी काही टाकायचो. डबा आणून दाखवला त्या दिवशी दोन डॉलर टाकले.

पावतीवर नंबर असतो. नावाऐवजी तो ओरडतात. लक्ष ठेवा, कारण 'फोर्टी' आणि 'फोर्टीन' त्यांच्या तोंडून सारखंच ऐकू येतं. नंबर आला की ट्रे घ्या, नॅपकिन मूठभर घ्या.

खायची पद्धतही शिकावी लागते. खिडकीला लागून छातीइतक्या उंचीची फळी असते, खुर्च्या नाहीत. इटालियन बीफ खाणारे तिथे उभे राहतात, कारण ते सँडविच रश्शात बुडवून देतात आणि कोपरापर्यंत ओघळतं. माझं पेपर अँड एग कोरडं, पण जार्डिनेराचं तेल गळतंच. पहिल्या दिवशी स्वेटरवर डाग घेऊन गेलो. दुसऱ्या खेपेला शेजारच्या टपालवाल्याने न बोलता करून दाखवलं. दोन्ही कोपरं फळीवर टेकवायची, पाय दोन पावलं मागे घ्यायचे, कमरेत वाकायचं, आणि सँडविच तोंडाकडे न आणता तोंड सँडविचकडे न्यायचं. जे गळेल ते कागदावर. नळावर ओंजळीने पाणी पिताना उभे राहतो तसंच. माझ्या गुडघ्यांना झेपलं म्हणजे तुमच्याही झेपेल.

खाऊन झालं की कागद, पेला, उरलंसुरलं सगळं कचऱ्याच्या पेटीत, ट्रे पेटीच्या डोक्यावर. टेबल पुसायला पोऱ्या येईल म्हणून वाट बघू नका.

घरी न्यायचं असेल तर "टू गो" म्हणा आणि तपकिरी कागदी पिशवीचं तोंड उघडंच ठेवा. मी पहिल्यांदा थंडी होती म्हणून तोंड गच्च गुंडाळून, कोटाच्या आत धरून पंधरा मिनिटं चालत आलो. नातवापुढे पिशवी उघडली तर वाफेने फ्राईज उकडलेल्या बटाट्यासारख्या झाल्या होत्या आणि कोटाच्या अस्तरावर तेलाचा तळहाताएवढा डाग. सूनबाईंनी विचारलं, "बाबा, कुठे गेला होतात?" अस्तर आत होतं, पण वास बाहेर होता.